मिठाचं टाकं आणि बोअरचं पाणी

पोहण्याचं टाकं बांधून कंत्राटदार गेला, फोटो काढून झाले आणि पंपाच्या खोलीची किल्ली तुमच्या हातात आली. सोबत एक इंग्रजी पुस्तिका. तिच्यातले आकडे चुकीचे नाहीत, पण ती लिहिणाऱ्यानं आपल्याकडचं बोअरचं पाणी चाखलेलं नाही. मी आधी अकोल्याकडे खारपाणपट्ट्यातल्या एका शेतघरी मिठाच्या पाण्याचं टाकं सांभाळलं, आता ताडोबाच्या मोहर्ली बाजूला सांभाळतो. (गावात 'पूल' म्हटलं की लोक नाल्यावरच्या पुलाकडे बघतात, म्हणून आम्ही टाकंच म्हणतो.) पहिल्या वर्षी मला कोणी सांगितलं नाही ते इथं लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. मीठ सांभाळणं सोपं आहे, एकदा टाकलं की ते बसून राहतं. त्रास देतात ते बोअरच्या पाण्यातला चुना आणि चैत्र-वैशाखाचं ऊन.

मीठ नेमकं काय करतं

पाहुणे हमखास विचारतात, "मिठाचं पाणी म्हणजे क्लोरीन नाही ना?" आहे. क्लोरीनच आहे, फक्त तो डब्यातून येत नाही, जागेवर तयार होतो. फिल्टरनंतरच्या पाइपात एक सेल बसवलेला असतो. त्यात टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. पाणी त्यांच्यामधून जाताना वीज सोडली की मिठातल्या क्लोराइडचा क्लोरीन होतो. तो जंतू आणि शेवाळ मारतो आणि काम झालं की पुन्हा क्लोराइड होऊन पाण्यातच राहतो. म्हणून मीठ 'संपत' नाही. ते कमी होतं फक्त पाण्यासोबत बाहेर जाऊन : बॅकवॉश (फिल्टर उलट्या प्रवाहानं धुणं), गळती, पोरांच्या उड्या, पावसाळ्यातलं ओसंडणं.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. आपल्याला लागतं ३ ते ३.४ ग्रॅम, म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा. डोळ्यांतल्या पाण्यातही याहून जास्त मीठ असतं.

सेलमध्ये क्लोरीनसोबत हायड्रोजनचे बारीक बुडबुडेही निघतात. ते पाणी ढवळत राहतात, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच चढतो. रोज थोडा थोडा, न थांबता. मशीन बिघडलंय असं समजू नका, मिठाच्या टाक्याचा तो स्वभाव आहे. त्यामुळे इथं अ‍ॅसिडचा कॅन ठेवावाच लागतो.

आधी माप, मग पाण्याची तपासणी

लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये. आलेल्या आकड्याला हजारानं गुणा म्हणजे लिटर मिळतील. पुढची सगळी उदाहरणं मी १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल टाक्याची देतो, म्हणजे ७०,००० लिटर. एक हिशेब भिंतीवर लिहून ठेवा : हजार लिटर पाण्यात एक ग्रॅम म्हणजे एक पीपीएम. आपल्या टाक्यात एक पीपीएम वाढवायला ७० ग्रॅम लागतात. हा हिशेब ज्याला येतो त्याला दुकानदार दुप्पट माल विकू शकत नाही.

आता पाणी. टाकं भरायच्या आधी बोअरचं पाणी बाटलीत घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत द्या. क्लोराइड, एकूण काठिण्य, कॅल्शियम, अल्कलिनिटी (पीएच बदलू न देण्याची पाण्याची ताकद) आणि लोह एवढं मागा. अहवालातलं क्लोराइड १.६५ नं गुणलं की मीठ किती ते कळतं. कॅल्शियम २.५ नं गुणलं की कॅल्शियमचं काठिण्य मिळतं. हे दोन गुणाकार कुठल्याच पुस्तिकेत ठळक लिहिलेले नसतात आणि तिथंच नवा माणूस फसतो.

पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, बोअरचं पाणी मुळातच खारट असतं. माझ्या अकोल्याच्या पाण्यात क्लोराइड ५५० आलं होतं, म्हणजे ९०० पीपीएम मीठ फुकटात. ते न मोजता पूर्ण हिशेबानं गोण्या रिकाम्या केल्या असत्या तर मशीननं 'मीठ जास्त' म्हणून डोळा वटारला असता, आणि जास्तीचं मीठ काढायला पाणी फेकण्याशिवाय मार्ग नाही. घरच्या आरओसाठी घेतलेल्या पेनवर इथं विसंबू नका. ते पेन पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतं, एकट्या मिठाचा आकडा देत नाही.

लोह जास्त असेल तर क्लोरीन लागताच पाणी चहाच्या रंगाचं होतं. असं पाणी आधी लोह काढणाऱ्या फिल्टरमधून घ्या.

चुना : चौघांतले दोघंच आपल्या हातात

पाण्यातून चुना बाहेर पडायला चार गोष्टी एकाच बाजूला ओढतात : पीएच, अल्कलिनिटी, कॅल्शियम आणि तापमान. १९३६ साली लँगेलिअर नावाच्या अमेरिकन अभियंत्यानं यांचा एक निर्देशांक बसवला, तो आजही जगभर वापरतात. शून्याच्या जवळ असेल तर पाणी शांत. वर गेला की पांढरा थर बसतो, खाली गेला की पाणी सिमेंटच खायला लागतं.

आपल्याकडे मे महिन्यात टाक्याचं पाणी ३२ अंशांच्या वर जातं, त्याला आपण काही करू शकत नाही. कॅल्शियम बोअरमधून येतं, आणि ते कमी करायला स्वस्त रसायन नाही. उरले दोघं, पीएच आणि अल्कलिनिटी. पुस्तिकेत अल्कलिनिटी ८० ते १२० लिहिलेली असेल. कठीण पाण्याच्या मिठाच्या टाक्यात मी ती ६० ते ८० ठेवतो आणि पीएच ७.४ ते ७.६. कॅल्शियमचं काठिण्य ५०० असलेलं पाणीसुद्धा एवढ्यावर शांत राहतं. त्याच पाण्याचा पीएच ८.२ होऊ दिला की आठवडाभरात सेलच्या पट्ट्यांवर आणि पाण्याच्या रेषेवरच्या टाइलवर पापुद्रा धरतो.

बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी मात्र ३००-३५० असणं आपल्याकडे नवलाचं नाही. ती खाली आणणं हे पहिल्या महिन्याचं सगळ्यात मोठं काम, आणि त्यात घाई चालत नाही.

काम असं चालतं. सेल बंद, पंप सुरू, पाण्यात कोणी नाही. प्लास्टिकच्या बादलीत आधी दहा लिटर पाणी घ्या आणि त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड हळू सोडा. उलटं कधीच नाही : अ‍ॅसिडमध्ये पाणी ओतलं की उसळतं. रबरी हातमोजे, चष्मा, आणि वारा पाठीमागून. ते मिश्रण खोल बाजूला, पाणी परत येतं त्या तोंडासमोर फिरत फिरत ओता. मी एका वेळी दोन लिटरच्या वर जात नाही. चार तासांनी मोजतो. पीएच ७.२ ला आला की थांबतो. मग पाणी परत येण्याची तोंडं वर वळवतो, कारंजं असेल तर सुरू करतो. पाणी उसळत राहिलं की कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच आपोआप वर येतो, अल्कलिनिटी मात्र उतरलेलीच राहते. पीएच ७.८ ला आला की पुन्हा अ‍ॅसिड, पुन्हा हवा.

आपल्या ७०,००० लिटरच्या टाक्यात अल्कलिनिटी दहानं उतरवायला ३२ टक्क्यांचं अ‍ॅसिड साधारण १.४ लिटर लागतं. ३५० वरून ८० वर यायचं तर ३५-४० लिटर. अकोल्याला मला पूर्ण चौदा दिवस लागले. मालक रोज विचारायचे, "अजून कोणी उतरायचं नाही का?" नवं प्लास्टर असेल तर तसंही महिनाभर सेल सुरू करायचा नसतो आणि मीठही टाकायचं नसतं. ताजं सिमेंट पीएच चढवत राहतं. तोच महिना या कामाला वापरा.

अ‍ॅसिड घेताना दुकानदार ओळखपत्र मागतो, रजिस्टरमध्ये नोंद करतो. कुरकुर करू नका. आणि घरी आणल्यावर ते टीसीएलच्या (ब्लीचिंग पावडरच्या) पोत्याशेजारी कधीच ठेवू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो माणूस मारतो.

टीसीएलचा माझा धडा

ग्रामपंचायतीच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकताना लहानपणापासून पाहिलेलं. मोहर्लीला पहिल्या उन्हाळ्यात पाणी जरा हिरवट वाटलं, संध्याकाळी पाहुणे येणार होते, आणि मी चार किलो टीसीएल कालवून ओतली. तासाभरात टाक्याचं ताक झालं. पांढरं फट्ट, पायरीसुद्धा दिसेना.

झालं असं होतं की टीसीएलमध्ये चुनाच असतो आणि तिनं पीएचही चढवला. आधीच चुन्यानं भरलेल्या पाण्यानं उरलासुरला चुना बाहेर टाकला. पीएच अ‍ॅसिडनं ७.२ ला आणला, दोन दिवस फिल्टर चालवला, दर काही तासांनी बॅकवॉश केला, तेव्हा तळ दिसला. पाहुण्यांना मी काय सांगितलं ते लिहीत नाही. विहिरीला टीसीएल उत्तम आहे. मिठाच्या टाक्यात तातडीनं क्लोरीन वाढवायचाच असेल तर लिक्विड क्लोरीन (सोडियम हायपोक्लोराइट) वापरा, तेही ताजं. उन्हात ठेवलेला कॅन महिनाभरात निम्म्या ताकदीचा होतो.

मीठ टाकणं

हे काम सोपं. जनावरांना देतो ते जाडं मीठ नको, त्यात माती, मॅग्नेशियम, लोह सगळं असतं. बारीक, रिफाइंड, आयोडीन नसलेलं घ्या. आकडा तुमच्या मशीनच्या पाटीवरून. बहुतेकांना ३२०० च्या आसपास लागतो.

पाण्यात आधीच ९०० असेल तर २३०० वाढवायचे. २३०० गुणिले ७० ग्रॅम म्हणजे १६१ किलो. ५० किलोच्या तीन गोण्या टाका आणि चौथी फोडू नका. सेल बंद ठेवून, पंप चालू ठेवून काठाकाठानं फिरत टाका आणि तळाला साचलेलं ब्रशनं पसरवा. चोवीस तासांनी मोजा आणि मगच उरलेलं टाका. सेल सुरू करायची घाई केली तर मशीन खारट आणि अळणी पाण्याच्या पट्ट्यांत गोंधळतं.

उन्हाची छत्री

उघड्या टाक्यातला क्लोरीन आपल्या उन्हात दोन तासांत जवळजवळ सगळा उडून जातो. त्याला छत्री लागते ती सायन्युरिक अ‍ॅसिडची. बाजारात ते 'स्टॅबिलायझर' म्हणून मिळतं. नावात अ‍ॅसिड असलं तरी दाणेदार पावडर असते. ६० पीपीएमसाठी आपल्याला ४.२ किलो लागतं. जुन्या मोज्यात किंवा मलमलच्या पिशवीत भरून पाण्याच्या तोंडासमोर लटकवा आणि मधूनमधून पिळा. विरघळायला दिवस लागतात. आठवडाभर त्याची टेस्ट घेऊ नका, खोटा आकडा दिसेल आणि तुम्ही दुप्पट टाकून बसाल.

जास्त झालं तर तेही पाणी फेकल्याशिवाय उतरत नाही. म्हणून सेल नादुरुस्त असताना क्लोरीनच्या पांढऱ्या गोळ्यांवर दोन-दोन महिने काढू नका. त्या गोळ्यांत क्लोरीनसोबत हेच अ‍ॅसिड येतं : दहा पीपीएम क्लोरीनमागे सहा. छत्रीची चादर झाली की क्लोरीन आकड्यात दिसतो, पण काम करत नाही.

सेल किती तास

६० पीपीएमच्या छत्रीला मोकळा क्लोरीन (कशालाही न चिकटलेला, कामाला तयार असलेला) ४ ते ५ पीपीएम धरा. मे महिन्यात दिवसाला तीन पीपीएमच्या आसपास खर्च होतो, म्हणजे २१० ग्रॅम. सेल ताशी २० ग्रॅमचा असेल तर पूर्ण जोरावर साडेदहा तास. विक्रेत्यानं 'आठ तास पुरे' म्हटलं असेल तर कदाचित तो पुण्याच्या हवेचा हिशेब असेल.

लाईनचा प्रश्न आहेच. मी निम्म्याहून जास्त तास सूर्यास्तानंतर ठेवतो, कारण रात्री तयार झालेला क्लोरीन सकाळपर्यंत शिल्लक राहतो. यात एक गंमत आहे. जुन्या चकतीच्या टायमरचं घड्याळ लाईन गेली की थांबतं. आठवड्यात चारदा तीन-तीन तास लाईन गेली तर तुमचा टायमर अर्धा दिवस मागे असतो आणि तुम्हाला वाटतं सेलच कमी पडतोय. दर सोमवारी घड्याळ जुळवा.

पाणी वाहत नसताना सेल चालू राहता कामा नये, पाइपात हायड्रोजन साठतो. त्यासाठी प्रवाहाचा स्विच असतो. काही मिस्त्री 'सारखा ट्रिप होतो' म्हणून त्याच्या वायरी परस्पर जोडून टाकतात. तुमच्याकडे असं केलेलं असेल तर आजच सोडवा.

मोजणं

विहिरीच्या पाण्यासाठी जलसुरक्षक ओटी (ऑर्थोटोलिडीन) टाकून पिवळा रंग बघतो. ती टेस्ट एकूण क्लोरीन दाखवते. आपल्याला मोकळा क्लोरीन वेगळा कळायला हवा, त्यासाठी गुलाबी रंगाची डीपीडी टेस्ट घ्या. तिचीही एक खोड आहे : क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उमटून लगेच उडतो आणि वाटतं क्लोरीन शून्य आहे. शंका आली तर नमुन्यात दुप्पट डिस्टिल्ड वॉटर मिसळून पुन्हा बघा आणि आलेला आकडा तिपटीनं वाचा. कागदी पट्ट्या उन्हात, पंपाच्या खोलीत ठेवल्या तर महिन्याभरात कामातून जातात.

मोकळा क्लोरीन उन्हाळ्यात रोज, पीएच एक दिवसाआड. अल्कलिनिटी आठवड्याला. मीठ, कॅल्शियम आणि सायन्युरिक महिन्याला. पीएच ७.८ दिसला की अर्धा लिटर अ‍ॅसिड, तासाभरानं पुन्हा माप. एवढी सवय लागली की बाकीचं आपोआप सरळ होतं.

आमच्याकडे कामाला असलेला पोरगा एकदा म्हणाला, "काका, पाणी तं काचावानी दिसते, मंग डोये काहून चुरचुरून राह्यले?" मोजलं तर पीएच ८.३, आणि एकूण क्लोरीन मोकळ्यापेक्षा दीडनं जास्त. हा वरचा दीड म्हणजे घाम-लघवीतल्या नायट्रोजनला चिकटलेला क्लोरीन. डोळे तोच जाळतो आणि 'क्लोरीनचा वास' म्हणतात तोही त्याचाच. अशा वेळी लोक मशीन कमी करतात. करायचं नेमकं उलटं असतं : पीएच खाली, रात्री क्लोरीन वर, आणि आंघोळ केल्याशिवाय कोणाला उतरू द्यायचं नाही.

ऋतूप्रमाणे

उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटीमीटर पाणी सहज उडतं, म्हणजे ५०० लिटर. उडतं ते निव्वळ पाणी. मीठ आणि चुना मागेच राहतात. तुम्ही बोअरचं ४०० काठिण्याचं पाणी वर घालता तेव्हा रोज २०० ग्रॅम चुना घालता. दोन महिन्यांत काठिण्य १७० नं वाढतं. पाणी वर घातलं म्हणून मीठ मात्र घालू नका, ते कमी झालेलंच नाही.

यावर आपल्याकडे एकच स्वस्त औषध आहे, पाऊस. २०० चौरस मीटरच्या छतावर १००० मिलिमीटर पाऊस पडला तर दोन लाख लिटर पाणी होतं, आणि त्यात काठिण्य जवळजवळ शून्य. पहिला पाऊस वाहू द्या, पाखरांची घाण आणि धूळ जाऊ द्या. मग छताचा पाइप टाक्याकडे वळवा. उन्हाळ्यात साचलेला चुना ओसंडून जातो. मीठ आणि सायन्युरिकही बरंच उतरू शकतं, म्हणून पोळा झाला की नव्यानं मोजा.

बाकी आपलं नेहमीचं : मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं, सागाच्या पानांचे तपकिरी डाग, ऑक्टोबरात मळणी सुरू झाली की सोयाबीनचं कुटार. जाळी रोज मारायची. शेजारच्या शेतात युरिया-डीएपी फेकताना वारा टाक्याकडे असेल तर टाकं झाका, नाहीतर दोन दिवस क्लोरीन टिकत नाही. थंडीत खर्च उतरतो, सेलचे तास निम्मे करा. पाणी १५ अंशांच्या खाली गेलं तर बरेच सेल स्वतःच बंद पडतात, ते बिघाड नाही.

दोन महिन्यांनी सेल उघडून बघा. पट्ट्यांवर पांढरं असेल तर पाच भाग पाण्यात एक भाग अ‍ॅसिड करून दहा-पंधरा मिनिटं बुडवा. सुरी किंवा पेचकस लावू नका, वरचा मुलामा गेला की सेल गेला. अ‍ॅसिडची प्रत्येक आंघोळही तो मुलामा थोडा खातेच, म्हणून पांढरं नसेल तर उगाच धुऊ नका.

साफसफाईसाठी टाकं पूर्ण रिकामं करायचं असेल तर ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला करा. काळ्या मातीत पावसाळ्यात खालून पाण्याचा दाब येतो आणि रिकामं टाकं तळासकट वर उचललं जातं, फरशा फुटतात. बॅकवॉशचं पाणी कुठं सोडता तेही बघा. संत्र्याच्या झाडाला मीठ अजिबात सोसत नाही, कपाशी थोडं सोसते, आणि खारपाणपट्ट्यातल्या जमिनीला तर आणखी मीठ नकोच आहे. आम्ही दगड-मुरमाचा वेगळा शोषखड्डा केलाय, विहिरीपासून आणि बोअरपासून लांब, उताराच्या बाजूला.